येत नाही ते एक निवडा : शैलजाबाई देशमाने यांच्या साठीनिमित्त

गौरव समितीने मला कळवलं, की लेखाची सुरुवात बाईंशी झालेल्या पहिल्या ओळखीपासून करावी. तशी करतो. पण आमची पहिली ओळख भांडणाची आहे आणि ती गोड करून सांगणं मला जमणार नाही. आदरणीय शैलजाबाई देशमाने यांनाही ते आवडणार नाही. मुलांच्या वहीत त्यांनी कधी खोटं चालवून घेतलं नाही, ते गौरवग्रंथात कशा चालवून घेतील?

आधी माझ्याविषयी चार ओळी, म्हणजे कोण भांडलं ते कळेल. मी आटपाडी तालुक्यातला मोटर वायंडिंगचा मिस्त्री. शाळा सातवीत सुटली. हे काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जळालेल्या मोटरी खोलायच्या, जुन्या तारेचा वेढा न् वेढा मोजायचा, वहीत उतरवायचा, अशा रीतीने शिकलो. आज पंचक्रोशीत माझ्या हातची मोटर पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. ही फुशारकी नाही. ज्याला खात्री करायची त्याने येऊन वह्या बघाव्यात. अशा माणसाला कुणी ‘तुमचं चुकलंय’ म्हणून कागद परत पाठवला, तर त्याचं काय होईल ते समजून घ्या.

सहा वर्षांपूर्वीचा जून. माझी मुलगी दीपाली नववीत गेली होती. आमच्या हायस्कूलमध्ये बाईंची एक पद्धत होती. आठवीपासून पुढच्या प्रत्येकाला शाळा उघडली की एक तक्ता मिळायचा. त्यात तीन रकाने : हातांचं, घामाचं, दुसऱ्यांसाठी. पहिल्यात काहीतरी घडवायचं, दुसऱ्यात अंग झिजवायचं, तिसऱ्यात गावाच्या उपयोगी पडायचं. पंधरा दिवस शिसपेन्सिलीने लिहायचं, करून बघायचं, नको वाटलं तर खोडायचं. मग शाईने लिहायचं. शाईने लिहिल्यावर दिवाळीपर्यंत बदल नाही. आणि तक्त्याच्या तळाशी एक अट होती : तिन्हींतलं एक तरी असं निवडा, जे तुम्हाला येत नाही.

ही अट मला शुद्ध वेडेपणाची वाटली. दीपाली धावण्यात तालुक्यात पहिली आलेली. खेळाचे वाढीव गुण, पुढे पोलीस भरती, सगळं माझ्या डोक्यात मांडून ठेवलेलं. मी तक्ता घेतला आणि निळ्या शाईने भरून टाकला : चित्रकला, धावणं, वृक्षारोपण. तिन्ही ठिकाणी गुण नाहीतर प्रमाणपत्र मिळणारं. दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला. खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ : ‘हस्ताक्षर दीपालीचे नाही. कोरा तक्ता सोबत.’

दुकान तसंच उघडं टाकून मी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत बाई वह्या तपासत होत्या.

“बाई, मी बाप हाय तिचा.”

“म्हणूनच बसा म्हणते, संपतराव.”

“बसायला आलो न्हाई. येत न्हाई ते निवडा, ही कुठली तऱ्हा? उद्या मी मोटरी सोडून कपडे शिवायला बसू का?”

“बसून बघा. सुईत दोरा ओवेपर्यंत तरी गप्प राहाल.”

खोलीतले सगळे हसले. मला ते हसणं आजही आठवतं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कप्प्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दीपालीने वर्गात आधीच शिसपेन्सिलीने भरलेला दुसरा तक्ता होता तो. हातांचं : दोर वळणं. घामाचं : पोहणं. दुसऱ्यांसाठी : शेततळ्यांना दोर बांधणं. धावण्याचं नाव कुठेच नव्हतं. ही निवड तिने घरी बोलून दाखवली नव्हती. दाखवणार तरी कधी? मी विचारलंच नव्हतं.

“हे तुमी शिकवलंय तिला,” मी म्हणालो.

“मी फक्त यादी वाचून दाखवली. पोहण्याला तुमची सही लागेल. तोवर तिला पाण्यात उतरवणार नाही.”

“मग ती कवाच उतरणार न्हाई,” असं म्हणून मी निघून आलो.

परगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमचा भाग पिढ्यान् पिढ्या कोरडा. मेंढरं घेऊन पाण्यामागे जाणारी माणसं आम्ही. पाणी आमच्यामागे कधी आलं नाही. मग कालवा आला. शिवारात ठिकठिकाणी शेततळी झाली, उतरत्या बाजूंना काळा प्लास्टिक कागद अंथरलेली. पाणी आलं, पण पोहणं आलं नाही. ते काही कालव्यातून येत नसतं. त्या कागदावर शेवाळ धरलं की साबणावर पाय ठेवल्यासारखं होतं. माणूस आत घसरला की काठ दोन हातांवर दिसतो आणि वर येता येत नाही. त्या मे महिन्यात शेजारच्या एका गावी कळशी भरायला वाकलेली बाई गेली, आणि तिला काढायला उतरलेला तिचा नवराही गेला. आम्ही सगळे माती देऊन आलो, हळहळलो आणि आपापल्या तळ्याचं पाणी पिकाला सोडायला लागलो.

बाई पाटणच्या. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या. नोकरीने त्यांना ह्या माळावर आणलं. त्यांनी माती देऊन आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तक्त्याच्या यादीत तीन कामं वाढवली. घायपाताचा दोर वळायचा, त्याला वीतभर अंतरावर गाठी मारायच्या. पायऱ्यांच्या विहिरीत एका निवृत्त हवालदारांकडून पोहायला शिकायचं. आणि वळलेले दोर तळ्यांच्या चारी बाजूंनी पाण्यात सोडायचे, म्हणजे पडलेल्याला धरून वर येता येईल.

मी एकदा त्यांना सुनावलं होतं, “घायपात पाण्यात सहा महिन्यांत कुजतं, बाई. नायलॉन बांधा.”

त्या म्हणाल्या, “ओला नायलॉन हातात ठरत नाही. आणि कुजतो म्हणूनच हा दोर बांधायचा. दर वर्षी नवी मुलं तळ्यावर येतील, बघतील. एकदा कायमचं बांधून टाकलं की कुणी फिरकत नाही.”

उत्तर मला पटलं नव्हतं, पण खोडताही आलं नव्हतं.

बाईंच्या त्या अटीमागे काय विचार असे, ते एका प्रसंगावरून सांगतो. मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा होता. सगळ्यांनी गृहीत धरलं, हा रानावनात हिंडणारा, ह्याला धावणं द्या. त्याने लिहिलं शिवणकाम. वर्ग हसला. बाईंनी त्याच्या शेजारी खुर्ची घेतली, स्वतः एक पिशवी शिवायला घेतली आणि इतकी वाकडी शिवली, की मुलं त्याला सोडून बाईंना हसायला लागली. तो मुलगा मात्र बाईंची शिवण उसवून द्यायला लागला. दिवाळीपर्यंत त्याने शाळेच्या सगळ्या लेझमींना पिशव्या शिवल्या. दीपालीने हे घरी सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, “पिशव्यांनी काय भरती हुतीया व्हय?”

ऑगस्टमध्ये माझ्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन मिरजेला करावं लागलं. मी आठ दिवस दवाखान्यात होतो. पहिल्याच संध्याकाळी बाई घरी आल्या आणि दीपालीला स्वतःकडे घेऊन गेल्या. तिचा डबा, शाळा, रात्रीचा अभ्यास, सगळं त्यांनी बघितलं. रोज रात्री आठला मला फोन यायचा. आधी त्या दीपालीशी बोलू द्यायच्या, मग स्वतः दवाखान्याची चौकशी करायच्या. त्या आठ दिवसांत एका शब्दाने त्यांनी सहीचा विषय काढला असता, तर मी फोनवरच ‘करतो’ म्हणालो असतो. माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही. बाईंना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी विषय काढला नाही. माझ्या अडचणीचा त्यांनी फायदा घेतला नाही, ही गोष्ट मला मोटर जळाल्यासारखी आतून चटका देऊन गेली. तरी मी सही केली नाही. हेही लिहिलं पाहिजे.

तोवर गावात कुजबुज वाढली होती. मुली पोहणार, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? शाळा समितीचे अध्यक्ष, त्यांना आम्ही आबा म्हणतो, हे तसे सज्जन; पण त्यांना जबाबदारीची धास्ती. त्यांनी बाईंना लेखी दिलं, की येत्या रविवारी समितीपुढे आणि पालकांपुढे दोरांचं प्रात्यक्षिक करून दाखवा, नाहीतर हा उपक्रम बंद. आणि काही इजा झाली तर ती बाईंवर. निवृत्तीला चारच वर्षं राहिलेल्या बाईला ह्याचा अर्थ काय, ते नोकरदार वाचकांना सांगायला नको.

मी त्या रविवारी गेलो तो चूक काढायलाच. खोटं बोलणार नाही.

तळं आबांचंच. शंभर फूट लांब, तेवढंच रुंद. मधोमध अठरा फूट पाणी. सुतळीला नट बांधून मी स्वतः मोजलं होतं. काठावर दीडशे तरी माणूस. हवालदार ट्यूब धरून पाण्यात तरंगत होते. दहावीची चार पोहणारी मुलं कपडे काढून रांगेत. दीपाली कोरड्या कपड्यांत दोराच्या वेटोळ्याजवळ उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

“बाई, तुमच्या पाटणला कोयना हाय,” आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हितं पोरं बादलीत पाणी बगून मोठी झाली. जरा जपून.”

बाईंनी पहिल्या मुलाला खूण करायला हात वर केला. मी ओरडलो, “थांबा!”

मी दोराच्या गाठी बघत नव्हतो. गाठी चांगल्याच होत्या. मी बघत होतो दोराचं वरचं टोक. ते बांधलं होतं तारेच्या कुंपणाच्या लोखंडी अँगलला. मी पुढे गेलो, दोन्ही हातांनी अँगल धरला आणि मागे रेटा दिला. अँगल बुडातून हलला. दुसऱ्या रेट्याला चक्क आडवा व्हायला लागला. तळ्याचा बांध म्हणजे खणलेल्या मातीचा भराव. वरून टणक दिसतो, आत पाझराने भुसभुशीत असतो. मी पंपांची बैठक धरायची कामं केलेली, म्हणून मला हे ठाऊक. बाईंच्या मुलखात दोर बांधायचा तो काठच्या जांभळीला नाहीतर खडकाला. तिथला काठ हलत नाही. त्यांनी काठ म्हणजे काठच धरला होता. इथला काठ माणसाने रचलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

काठावरची माणसं अँगल बघायला पुढे सरकली.

बाई अँगलजवळ आल्या. त्यांनी स्वतः ओढून बघितला. मग वळल्या आणि म्हणाल्या, “मुलांनो, कपडे घाला. आज कुणी पाण्यात उतरणार नाही. चूक माझी आहे. दोर वळणाऱ्यांची नाही, बांधणाऱ्यांची नाही. कुठे बांधायचा ते मी सांगितलं होतं.”

त्यांना सारवासारव करता आली असती. चारांपैकी एखादा अँगल पक्का निघाला असता, तिथून प्रात्यक्षिक उरकता आलं असतं. समोर समिती, हातात नोटीस. पण त्यांनी एकही कारण पुढे केलं नाही.

“बगितलं का?” आबा म्हणाले. “संपतरावानं बगितलं म्हणून निभावलं. आता बंद करा हे बाई. काय संपतराव?”

दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी आलो होतो ते हेच ऐकायला. ‘व्हय’ म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. दीपालीचा तक्ता माझ्या शाईने भरला गेला असता. मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुलांचे कपडे गोळा करून देत होत्या.

“बंद करा असं म्या म्हणलो न्हाई आबा,” मी म्हणालो. “दोर बांधायची जागा चुकलीया. तेवढी बदलाय पायजे.”

“कोण बदलणार?”

“मी बदलतो. एक आठवडा द्या.”

आबांनी दिला. “पुढच्या रविवारी न्हाई जमलं, तर पुन्हा नाव काढायचं न्हाई,” असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात बाईंनी सगळ्या मुलांसमोर फळ्यावर तळ्याची आकृती काढली आणि आपण काय चुकलो, का चुकलो, ते समजावून सांगितलं. माझं नाव घेऊन सांगितलं. शिक्षकाने मुलांपुढे स्वतःची चूक आकृती काढून शिकवल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलं नाही.

मग सहा संध्याकाळी आम्ही तळ्यावर होतो. बांधाच्या पलीकडे, भराव संपून मूळ जमीन लागते तिथे, मी कंबरभर खोल चर आखून दिले. मुलांनी खणले. प्रत्येक चरात बाभळीचा ओंडका आडवा पुरायचा, त्याला दोर बांधून वरून मुरूम ठोकायचा. दोर दोन : एक नायलॉनचा कायमचा, एक मुलांच्या घायपाताचा. ही माझी अट, बाईंनी ती तिथल्या तिथे मान्य केली.

तिसऱ्या संध्याकाळी दीपाली आणि मी एकाच चरात होतो.

“पळायचं का सोडलंस गं?” मी विचारलं.

“सोडलंय कुठं? पळायला मला येतंय की, पप्पा. त्यात काय निवडायचं?” ती माती उपसतच म्हणाली. मग थांबली. “तुमाला तरी येतंय का पवायला?”

“न्हाई.”

“मग मी पडले तर कोण काढणार हुतं?”

मी कुदळ मारत राहिलो.

रविवार आला. गर्दी मागच्यापेक्षा जास्त. आधी मी प्रत्येक दोर सहा-सहा माणसांना ओढायला लावला. ओंडके जागचे हलले नाहीत. हवालदार पाण्यात उतरले. दहावीची मुलं पुढे झाली. तेव्हा बाईंनी चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि म्हणाल्या, “मुलांच्या आधी मी.”

आबा उठून उभे राहिले. “बाई, आवं तुमी कशाला?”

“मागच्या रविवारी मी मुलांना पाठवत होते, आबा. आज आधी स्वतःला पाठवते.”

चौपन्न वर्षांच्या बाई, अंगभर पंजाबी ड्रेस, आणि पोहून किती वर्षं झाली ते त्यांनाच ठाऊक. त्या काठावरून घसरत आत गेल्या आणि पाण्याखाली दिसेनाशा झाल्या. वर आल्या. चार हात मारून आतपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या आणि दोर धरला. इथवर ठीक. दोर धरून वर चढताना अर्ध्यावर त्यांचा पाय शेवाळावरून सुटला. बाई उताराला छातीवर आपटल्या आणि परत पाण्यापर्यंत घसरत गेल्या. कमरेची ओढणी सुटून पायांत गुंडाळली होती. हवालदार पुढे झेपावले, तर बाईंनी मानेनेच ‘नको’ म्हटलं.

माझी नजर दोरावर नव्हती. ओंडका ज्या मुरुमाखाली होता, त्या जमिनीवर होती. भेग पडते का, माती उचलते का. माझ्या मापाने पुरलेला ओंडका, त्यावर बाईंचा जीव लोंबत होता. एक गाठ. दोन्ही हात. थांबल्या. दुसरी गाठ. जमीन हलली नाही. सातव्या गाठीला त्यांचा कोपर काठावर आला. दीपाली आणि आणखी दोन मुली धावल्या.

काठावर बसून बाई बराच वेळ खोकल्या. तळहात सोलले होते. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते हे : “ओढणी घेऊन उतरायचं नाही. लिहून घ्या कुणीतरी.”

आबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. “चालू ठेवा,” म्हणाले आणि तडक घरी गेले.

मी दीपालीला म्हणालो, “तुझा तक्ता आण.” तिने दप्तरातून काढला. शिसपेन्सिलीवर तिने स्वतःच्या हाताने शाई फिरवली, ओल्या मातीच्या बोटांनी. पालकाच्या जागेवर मी सही केली. बाई तेव्हा हाताला हळद लावून घेत होत्या. त्यांनी एकदा बघितलं, पण काही बोलल्या नाहीत. जिंकल्यावर न बोलणं, हे मी त्या दिवशी बघितलं.

त्यानंतर दोन वर्षांत गावातल्या प्रत्येक शेततळ्याला ओंडके आणि दोर झाले. त्याने काय साधलं याचे मोठे दावे मी करणार नाही. एक घडलेलं सांगतो. मेंढराला काढायला गेलेली आमच्या भावकीतली एक म्हातारी तळ्यात घसरली आणि दोर धरून एकटीच वर आली. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंना म्हणाली, “दोर लय खरबरीत वळत्यात तुमची पोरं. हात सोलले माझे. सांगा त्यास्नी.” बाईंनी तिला चहा पाजला आणि तक्रार रीतसर लिहून घेतली.

दीपाली पोलीस झाली नाही. पोहण्यात तिला एकही पदक नाही. बारावीनंतर सांगलीला सिव्हिलचा डिप्लोमा घ्यायचा, हे तिने मला विचारलं नाही, ठरवून सांगितलं. मला राग आला. मी बाईंना फोन लावला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांनी हे गाव सोडलं नव्हतं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “चांगलं झालं. आता तुमच्याकडे वेळ आहे. रविवारी सकाळी सातला विहिरीवर या.”

तेव्हापासून मी जातो. पन्नाशीला टेकलेला माणूस, पाठीला रिकामा डबा बांधून आठवीच्या पोरांत. पोरं हसतात. हातपाय मारायला आता येतं. उताणं तरंगायला येत नाही. बाई पायरीवर बसून सांगतात, “मान सोडा, संपतराव. किती धरून ठेवाल?” मी मान सोडतो आणि बुडतो. कुठल्या क्षणाला चुकतं ते मला अजून नेमकं सापडलेलं नाही. सापडेल, पण वेळ लागेल.

शैलजाबाईंनी साठ वर्षं पूर्ण केली, त्याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. त्यांचे गुडघे दुखू नयेत, डोळे शाबूत राहावेत, आवाज असाच खणखणीत राहावा आणि विहिरीच्या पायऱ्या त्यांना पुष्कळ वर्षं चढता-उतरता याव्यात. त्यांचं आयुष्य दीर्घ असावं, ही इच्छा सगळेच करतील. माझ्या इच्छेत थोडा स्वार्थ आहे. मी सावकाश शिकणारा माणूस आहे.